टॅपेट वाजतोय तोवर बरं आहे

“मामू, टॅपेट बज रा, जरा बंद करो ना.”

जालन्यातल्या कुठल्याही गॅरेजसमोर अर्धा तास उभं राहा, हे वाक्य एकदा तरी कानावर येईल. मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत आलो. मग उस्ताद हातातलं काम बाजूला ठेवतो, टॅपेटच्या कॅप खोलतो, पाना आणि पेचकस लावून स्क्रू थोडा आवळतो, किक मारून कान लावतो, पुन्हा थोडा आवळतो. दहा मिनिटांत गाडी गप्प. आपण पन्नासची नोट देतो आणि खूश होऊन निघतो.

दोन उन्हाळ्यांपूर्वी मी असाच खूश होऊन निघालो होतो. तेव्हा रोज अंबडला जाणं-येणं होतं, गाडी जुनी शंभर सीसीची, आणि आवाज खरंच वाढला होता. एका गॅरेजवाल्याने तो बंद करून दिला. इतका बंद, की सिग्नलला गाडी चालू आहे की नाही हे मी हात लावून बघायचो. महिना-दीड महिन्यात किक हलकी लागू लागली. सकाळी गाडी सुरू व्हायची, पण तापल्यावर बंद केली की पुन्हा सुरू व्हायला घाम काढायची. स्लो-रनिंगवर मिसिंग, सायलेन्सरमधून मधूनच फटका. शेवटी हेड खोललं तेव्हा एक्झॉस्ट वॉल्व्हची कड एका बाजूने खाल्लेली होती, उंदराने भाकरी कुरतडावी तशी. नवा वॉल्व्ह, घिसाई, गॅस्केट, मजुरी मिळून दोन हजारांच्या वर गेले. गुन्हा त्या गॅरेजवाल्याचा म्हणावा तर मागणी माझी होती. मी आवाज बंद करायला सांगितलं, त्याने बंद केला.

तेव्हापासून मी टॅपेट घरी बघतो. हे काम प्रत्येकाने घरीच करावं, निदान तपासावं तरी, असं माझं ठाम मत झालं आहे. त्यामागे काटकसर हे कारण नाही.

आधी टॅपेट म्हणजे काय ते थोडक्यात. इंजिनात दोन वॉल्व्ह असतात. एक पेट्रोल-हवा आत घेतो, दुसरा जळालेला धूर बाहेर सोडतो. कॅम फिरतो, रॉकरला ढकलतो, रॉकर वॉल्व्हच्या दांडीवर दाब देतो आणि वॉल्व्ह उघडतो. दाब गेला की स्प्रिंग त्याला परत आपल्या बैठकीवर बसवते. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक वॉल्व्ह मिनिटाला ३,००० वेळा, म्हणजे सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि बसतो. रॉकरच्या टोकाचा स्क्रू आणि वॉल्व्हची दांडी यांच्यात वॉल्व्ह बंद असताना एक बारीक फट ठेवलेली असते. आपल्याकडच्या लहान गाड्यांत ती साधारण ०.०५ ते ०.१५ मिलिमीटरच्या घरात. दाढीचं साधं ब्लेड ०.१० मिलिमीटर जाड असतं, त्यावरून अंदाज करा. ही फट म्हणजेच गॅरेजच्या भाषेतला टॅपेट.

फट लागते, कारण धातू तापला की वाढतो. दांडी लांबते. फटच नसेल तर लांबलेली दांडी रॉकरवर टेकते आणि वॉल्व्ह बैठकीवरून केसभर उचललेला राहतो. खरं नुकसान इथे होतं. एक्झॉस्ट वॉल्व्ह आगीत उभा असतो. तो आपली उष्णता बाहेर टाकतो ती मुख्यतः बंद होऊन बैठकीला चिकटतो त्या क्षणभरात. तेवढं चिकटणंही नशिबी नसेल तर उष्णता जाणार कुठे? वर त्या केसभर जागेतून पेटलेला वायू शिट्टीसारखा निसटत राहतो. कड जळते, कॉम्प्रेशन जातं, किक हलकी होते.

आता आवाजाचं बघा. फट जास्त झाली की रॉकर दांडीवर आपटतो, टकटक येते, पिकअप थोडा कमी होतो, आणि तसंच वर्षभर चालवलं तर कॅम-रॉकर झिजतात. वाईटच, पण हळूहळू, आणि ओरडून सांगत. फट कमी झाली की आवाज येतच नाही. इंजिन उलट शहाण्या मुलासारखं गप्प बसतं. शिवाय वॉल्व्ह आणि त्याची बैठक झिजत जाते तसा वॉल्व्ह हेडमध्ये आत सरकतो आणि फट आपोआप कमी होत जाते, कुणी हात न लावता. म्हणजे कानाला फक्त एका बाजूची चूक कळते, आणि ती कमी धोक्याची. उस्तादाचा कान कितीही तयार असो, दुसऱ्या बाजूला तो बहिरा आहे. त्याचा यात दोष नाही. जे वाजतच नाही ते कुणाला ऐकू येणार?

आमचे एक मामू चाळीस वर्षं जुन्या जालन्यात पाना हातात धरून बसले आहेत. त्यांच्यासमोर हे बोललो तेव्हा ते हसले. “बेटा, हमारे हाथ में ही गेज है.” खोटं नाही ते. पण हातातलं हे गेज आलं कुठून, हेही बघायला हवं. त्यांच्या पिढीने काम शिकलं ते राजदूत, येझदी, लुना, चेतक यांच्यावर. ही सगळी टू-स्ट्रोक इंजिनं. त्यांना टॅपेट नसतोच, सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्याच वॉल्व्हचं काम करतात. फोर-स्ट्रोक म्हणजे बुलेट. जुन्या लोखंडी बुलेटमध्ये पुश रॉड थंड इंजिनात बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये, असा हिशेब. तिथे पट्टी लागत नाही, बोट पुरतं. मग १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि बघता बघता गावोगाव शंभर सीसी फोर-स्ट्रोक गाड्या झाल्या. बोटाने आणि कानाने शिकलेली पिढी शतांश मिलिमीटरच्या कामाला लागली. त्यांना कुणी बसवून शिकवलं नाही. जे हाताशी होतं त्यावर त्यांनी लाखो गाड्या चालत्या ठेवल्या, हे मी विसरत नाही.

पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे. समजा उस्तादाकडे उत्तम फिलर गेज आहे आणि आकडाही तोंडपाठ आहे. तरी गॅरेजमध्ये हे काम बरोबर होणं अवघड आहे, कारण त्याच्याकडे थंड इंजिन येतच नाही. पुस्तिकेतला आकडा थंड इंजिनाचा असतो. कंपन्यांच्या पुस्तिकांत ३५ अंश सेल्सियसच्या खाली, असंही लिहिलेलं सापडतं. आपण गाडी चालवत जातो, “दस मिनट में कर दो” म्हणतो आणि टपरीवर चहा घेतो. तापलेल्या इंजिनात अ‍ॅल्युमिनियमचं हेड एका मापाने फुगलेलं असतं, पोलादी वॉल्व्ह दुसऱ्या मापाने. त्या अवस्थेत नेमका आकडा लावला तरी थंड झाल्यावर तो तोच राहत नाही. इंजिन रात्रभर थंड उभं असतं ते आपल्या अंगणात. म्हणून हे काम मुळात घरचं आहे. ते बाजारात गेलं आपल्या घाईमुळे.

आणि मे महिन्यात आपल्याकडे ३५ अंशाच्या खालची वेळ किती असते? नऊ-दहा वाजले की हवाच त्याच्या पुढे जाते. त्यामुळे मी हे फजरनंतर करतो. मशिदीतून आलो की चहाच्या आधी. उजेड पुरेसा असतो, इंजिन बर्फासारखं असतं, आणि त्या वेळी “काय करताय?” विचारायला कुणी येत नाही.

सामान फार नाही. फिलर गेजची पट्ट्यांची जुडी, टॅपेटचा छोटा पाना, प्लग पाना, एक गोटी पाना आणि स्वच्छ फडकं. गेज घेताना ०.०५ पासूनच्या बारीक पट्ट्या त्यात आहेत का ते बघा. ट्रॅक्टरवाले घेतात त्या जाड पट्ट्या इथे उपयोगाच्या नाहीत. आकडा मात्र तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतलाच घ्या, माझा नको, शेजाऱ्याचा नको. इनटेक आणि एक्झॉस्टचे आकडे बऱ्याच गाड्यांत वेगवेगळे असतात.

गाडी डबल स्टँडवर. प्लग काढायचा, म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. टॅपेटच्या दोन्ही कॅप काढायच्या. आडव्या सिलिंडरच्या शंभर सीसी गाड्यांत इनटेकची कॅप वर आणि एक्झॉस्टची खाली असते. खालची काढताना थोडं ऑइल सांडतं, घाबरू नका, खाली जुना डबा ठेवा. मग डाव्या बाजूला मॅग्नेटच्या झाकणावरचे दोन गोल बूच खोलायचे. मधल्या भोकातून गोटी पाना घालून क्रँक घड्याळाच्या उलट दिशेने हळूहळू फिरवायचा आणि वरच्या भोकातून मॅग्नेटवरच्या खुणा बघायच्या. ‘टी’ अक्षराची रेघ झाकणावरच्या खाचेशी जुळली की पिस्टन अगदी वर आलेला असतो. जवळच ‘एफ’ची रेघ असते, ती ठिणगीच्या वेळेची. पहिल्यांदा मी तीच जुळवून बसलो होतो. अकरावीतल्या मुलीने पुस्तिका वाचून दाखवली म्हणून कळलं.

आता दोन्ही रॉकर बोटाने हलवून बघायचे. दोन्ही किंचित डुगडुगले पाहिजेत. एखादा घट्ट असेल तर पिस्टन वर आलाय खरा, पण चुकीच्या फेरीत. क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवून पुन्हा ‘टी’ जुळवायचा. ही पायरी चुकवली तर पुढचं सगळं वाया, म्हणून इथे घाई नको. मग सांगितलेल्या जाडीची पट्टी स्क्रू आणि दांडीच्या मध्ये सरकवायची. जुन्या वहीच्या पानांमधून कागद ओढताना लागतो तेवढा अडथळा जाणवला की बरोबर. सहज घसरली तर फट जास्त, शिरलीच नाही तर कमी. बरोबर असेल तर हात लावायचा नाही. तपासणं हे वेगळं काम आहे, लावणं वेगळं.

लावायचं असेल तर चेकनट सैल करायचा, पट्टी मध्ये ठेवूनच स्क्रू फिरवायचा. किती? स्क्रूच्या आट्यांत अर्ध्या मिलिमीटरचं अंतर असेल तर एक पूर्ण फेरा म्हणजे ०.५० मिलिमीटर. मग ०.०५ साठी फेऱ्याचा दहावा हिस्सा पुरतो, घड्याळाच्या सहा मिनिटांएवढा. गॅरेजमध्ये “थोडासा” म्हणून जो हिसका दिला जातो तो किती मोठा असतो, हे तेव्हा लक्षात आलं. शेवटी स्क्रू धरून ठेवून चेकनट आवळायचा आणि पुन्हा पट्टी घालून बघायचं, कारण आवळताना स्क्रू हटकून थोडा फिरतो. माझं नव्वद टक्के चुकणं इथलंच आहे. चेकनट प्रमाणात आवळा; तो छोटा आहे, मनगटाचं काम आहे, खांद्याचं नाही. क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवून परत एकदा मोजलं की झालं. कॅपच्या ओ-रिंग चपट्या झाल्या असतील तर बदला, नाहीतर पायजम्यावर ऑइलचे डाग घेऊन दुसऱ्या दिवशी फिराल.

गाडी वॉरंटीत असेल तर हे करू नका. महागड्या गाड्यांत स्क्रूऐवजी मापाच्या चकत्या बदलाव्या लागतात, तिथेही घरचा हात चालवू नका. २००९ च्या आसपास आलेल्या नव्या इंजिनाच्या बुलेटमध्ये फट आपोआप राखणारी हायड्रॉलिक व्यवस्था होती, तिथे प्रश्नच नाही. आणि फट नेमकी असूनही टकटक राहिली, तर ती टायमिंग चेनची, रॉकरची किंवा आणखी कशाची आहे. मग सरळ उस्तादाकडे जा. त्याचा कान तिथे लाख मोलाचा आहे.

अकरावीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. मुलीच्या भौतिकशास्त्राच्या प्रॅक्टिकलला स्क्रू गेज असतं, ०.०१ मिलिमीटरपर्यंत मोजणारं. त्याने ती तारेची जाडी मोजते, वहीत लिहिते, सही घेते. तेच माप बापाच्या गाडीत रोज सेकंदाला पन्नास वेळा वापरलं जातं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि गॅरेजमध्ये तिच्याच वयाचा मुलगा तोच स्क्रू फिरवतो, त्याला आकडा कुणी सांगितलेला नाही. एकीकडे आकडा आहे, हात नाही. दुसरीकडे हात आहे, आकडा नाही. सळईचं गाव हे. आठ, दहा, बाराची सळई मिलिमीटरवर विकली जाते इथे. मोजमापाची आपल्याला अ‍ॅलर्जी आहे असं म्हणता येणार नाही.

मुस्लिमांच्या गौरवशाली इतिहासाच्या गोष्टी मला फारशा रुचत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा सुकाळ आहे. पण एक माणूस इथे आठवतो. अल-जझारी. दियारबकरच्या अर्तुकी दरबारातला यंत्रकार. त्याने १२०६ मध्ये आपल्या यंत्रांचं पुस्तक पूर्ण केलं. त्याची हत्तीवरची घड्याळं सगळ्यांना माहीत असतात, मला त्याची वेगळीच गोष्ट भावते. पाण्याच्या झडपेचा खुंट आणि तिची बैठक कुरुंदाची पूड लावून एकमेकांवर घासायची, म्हणजे गळती राहत नाही, हे त्याने लिहून ठेवलं आहे. माझं हेड खोललं तेव्हा त्या मिस्त्रीच्या पोराने काळी पेस्ट लावून वॉल्व्ह बैठकीवर घासला, अगदी तसाच. काम आठशे वर्षं टिकलं. पण जझारीने भागांची मापं दिली, आकृत्या काढल्या, म्हणून १९७४ मध्ये डोनाल्ड हिल यांना ते पुस्तक इंग्रजीत आणता आलं. आपल्या उस्तादांचं काय? मामूंनी चाळीस वर्षांत जे पाहिलं, त्याची एक चिठ्ठीसुद्धा नाही. लिहिता येत नाही असंही नाही. उधारीची वही ते छान उर्दूत लिहितात. “बता दिया तो कल सामने दुकान डालेगा” ही भीती आहे. हुनर झाकून ठेवायची ही सवय आपल्या गॅरेजांत जुनी आहे, आणि तिने सगळ्यात जास्त नुकसान शागिर्दांचं केलं.

यावर नेहमीचा आक्षेप येतो की घरी टॅपेट बघायला लागलात तर गरिबाची रोजी जाईल. आक्षेप हलका नाही. सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवून दिलं होतं की मुस्लिम मोठ्या प्रमाणात स्वतःच्या छोट्या धंद्यावर जगतात, आणि वाहनदुरुस्ती हे त्यांतलं एक ठळक क्षेत्र आहे. आमच्या मोहल्ल्यात ते सांगायला समिती लागत नाही. पण त्या पन्नास रुपयांनी रोजी टिकत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स आलं, कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं आणि त्याबरोबर उस्तादाच्या कानाचं अर्धं काम गेलं. विजेच्या स्कूटरमध्ये तर वॉल्व्हच नाही. जे टिकेल ते मोजून केलेलं, लिहून दिलेलं काम. मोजणारं गिऱ्हाईक तयार झालं तर मोजणारा मिस्त्रीही तयार होईल, असा माझा हिशेब आहे. ‘सकाळी गाडी ठेवून जा, दुपारी थंड झाल्यावर फट मोजतो, चिठ्ठीवर आकडे देतो, दोनशे रुपये’ असं सांगणाऱ्या गॅरेजला मी आनंदाने दोनशे देईन. वजनमापातल्या बेइमानीवर जुम्याच्या खुतब्यात आपण ऐकतो आणि ते किराणा दुकानापुरतं समजून घरी येतो.

सरकारकडूनही एक दार उघडं आहे. कौशल्य विकास योजनेत अनुभवी कारागिराची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय २०१५ पासून आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा धंदे आहेत, त्यात कुलूप-किल्लीवाला आहे, मोटरसायकल मिस्त्री नाही. तो असायला हवा होता, हे म्हणणं आपल्या संघटनांनी लावून धरायला हरकत नाही. पण प्रमाणपत्राच्या परीक्षेत समोरचा माणूस विचारणार ते हेच, फट किती ठेवता? तिथे “हाथ में गेज है” चालणार नाही.

मामूंना मी हे सगळं एका दमात ऐकवलं नाही. थोरल्या माणसाला असं ऐकवत नाहीत. एका रविवारी सकाळी त्यांना घरी बोलावलं आणि म्हटलं, तुम्ही हाताने लावा, मी नंतर पट्टीने मोजतो. त्यांनी इनटेक लावला तो तंतोतंत निघाला. एक्झॉस्टमध्ये सगळ्यात बारीक पट्टीसुद्धा शिरली नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चष्मा पुसला, पट्टी उजेडात धरून तिच्यावरचा बारीक आकडा वाचला, सहा मिनिटांएवढा स्क्रू मागे घेतला आणि पुन्हा घालून पाहिली. इंजिन सुरू केलं तेव्हा हलकीशी टकटक येत होती.

“बजने दे,” ते म्हणाले.

जाताना गेज त्यांनी खिशात टाकलं, दोन दिवसांत परत देतो म्हणून. त्याला चार महिने झाले. परवा गॅरेजवरून गेलो तर ते शागिर्दाच्या हातात दिसलं, म्हणून मागितलं नाही. मी दुसरं घेतलं.